हात मोडण्याआधी हात आपटा: जिउ-जित्सूच्या मॅटवर शिकलेला धंद्याचा धडा



मागच्या दोन व्हिडिओंमध्ये माझ्या डाव्या कोपराला पट्टा होता. अनेकांनी काळजीने विचारलं, "सर, गाडीवरून पडलात का?" नाही हो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला गेलो, आणि जिथे हात आपटून "हरलो" म्हणायचं होतं तिथे म्हणालो नाही. बस्स, एवढंच झालं.

पण घरी बसून बर्फाने कोपर शेकताना एक गोष्ट लख्ख दिसली. माझा पहिला धंदा बुडाला तोही याच कारणाने. व्हिडिओत हे सगळं सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हा खेळ आहे तरी काय?

आपल्याला कुस्ती माहीत आहे. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, पैलवान चितपट. जिउ-जित्सूत उलटं आहे. इथे पाठ टेकल्यावर खरा खेळ सुरू होतो. खाली पडलेला माणूस पायांनी समोरच्याला अडवतो, गुंतवतो, उलथवतो. या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला पकडायचं, चांगली जागा मिळवायची आणि मग त्याचा सांधा किंवा मान अशी अडकवायची की त्याने स्वतःहून हार मानावी.

मूळ जपानचं. मित्सुयो माएदा नावाचे ज्युदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेम शहरात राहिले. त्यांच्याकडे कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. ताकद कमी, म्हणून या भावांनी ताकदीऐवजी तरफ, कोन आणि वेळ यांवर भर दिला. पुढे 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तिथे हेलिओंचा मुलगा रॉयस एका रात्रीत तीन लढती जिंकला, आणि साऱ्या जगाला प्रश्न पडला की हा सडपातळ माणूस करतो तरी काय!

कमी भांडवलात मोठ्यांसमोर उभं राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट आवडणारच. मलाही आवडली. म्हणून गेलो.

पहिला दिवस

मला वाटलं, पहिल्याच दिवशी दोन-चार डाव शिकवतील. शिकवलं काय? जमिनीवर आडवं पडून कंबर मागे ढकलत सरकायचं. कोळंबी कशी अंग आकसते, तसं. म्हणून त्याला 'श्रिंप' म्हणतात. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग 'ब्रिज', म्हणजे उताणं पडून टाचांवर जोर देत कंबर वर उचलायची. मग पडायचं कसं. मग टॅप कसा करायचा.

हो, हरायचं कसं हे पहिल्या दिवशी शिकवतात. हात मोकळा असेल तर समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा थोपटायचं, त्याला जाणवेल असं. हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटायचा, किंवा तोंडाने मोठ्याने "टॅप!" म्हणायचं. समोरचा त्याच क्षणी सोडतो. मग हातावर हात मारायचा आणि पुन्हा सुरुवात.

प्रशिक्षक वयाने माझ्यापेक्षा लहान. ते म्हणाले, "सर, पहिले सहा महिने जिंकायचं नाही. फक्त गुदमरायचं कमी करायचं."

मी हसलो. पण दहा मिनिटांनी सरावाच्या झुंजीत, ज्याला 'रोलिंग' म्हणतात, एक कॉलेजचा पोरगा माझ्या छातीवर आडवा पडला, आणि मला श्वास घेता येईना. त्याचं वजन माझ्यापेक्षा पंधरा किलो कमी. मी जितका जोर लावला तितका दमलो. तो शांत, माझी धडपड संपायची वाट बघत होता.

नव्या माणसाची ही सगळ्यात मोठी चूक असते. तो श्वास रोखून सगळी ताकद पहिल्या मिनिटात उधळतो. आपणही दुकान उघडल्यावर पहिल्या महिन्यात बोर्ड, फर्निचर, उद्घाटन यांवर सगळे पैसे उधळतो आणि खेळतं भांडवल उरत नाही. तेच ते.

आधी जागा, मग डाव

या खेळाचे गुण कसे देतात बघा. स्पर्धेत समोरच्याला खाली पाडलं तर 2 गुण. त्याचा गार्ड ओलांडला तर 3. छातीवर स्वार झालात, म्हणजे 'माउंट' मिळवला, किंवा पाठीवर ताबा मिळवला तर 4. पण नुसतं पोचून चालत नाही, ती जागा 3 सेकंद टिकवावी लागते. म्हणजे गुण मिळतात ते जागा मिळवून ती टिकवण्याचे.

नवा माणूस मात्र कुठूनही मान पकडायला धावतो. जागा नाही, पाया नाही, आणि थेट डाव. तो डाव तर फसतोच, वर हातातली जागाही जाते.

पट्ट्यांचंही तसंच. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात. तीन महिन्यांत फ्रँचायझी विकायला निघालेल्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं!

आणि मग कोपर

चौथ्या महिन्यात तोच पोरगा समोर होता. त्याने माझा डावा हात पकडला, दोन्ही पाय छातीवरून टाकले आणि हात सरळ केला. याला 'आर्मबार' म्हणतात. कोपर उलट्या बाजूला वाकायला लागतं.

मला कळलं होतं की अडकलोय. पण त्या दिवशी हॉलमध्ये चार नवीन लोक बघत होते. मनात आलं, एवढ्याशा पोरापुढे टॅप करायचं? अजून थोडं सोसू, सुटेल.

तो म्हणाला, "काका, टॅप करा ना!"

मी केलं नाही. कोपरात 'कट' असा आवाज आला. पोराने घाबरून हात सोडला. दोष त्याचा नव्हताच, तो तर हळू करत होता. हाड मोडलं नाही, पण आतला बंध ताणला गेला. सहा आठवडे मॅट बंद, गाडी चालवणं बंद, आणि शर्टाची बटणं लावायला बायको.

प्रशिक्षक एकच वाक्य बोलले. "सर, तुम्ही हात वाचवत नव्हता, इज्जत वाचवत होता."

38 हजारांचा टॅप

आता जुनी गोष्ट. मी प्रशिक्षण देतो हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याआधी माझं कागदी द्रोण-पत्रावळीचं युनिट होतं, हे फार कमी जणांना सांगितलंय.

एक मोठा केटरर गिऱ्हाईक मिळाला. पहिले दोन महिने रोख. मग "लग्नसराई संपली की देतो." बाकी 38,000 रुपये झाली. मला तेव्हाच कळलं होतं की गडबड आहे. फोन उचलत नव्हता, आणि ऑर्डर मात्र माणसाकरवी येत होती. पण मी हिशोब केला की आता माल बंद केला तर हे 38 हजारही जातील. शिवाय "एवढा मोठा गिऱ्हाईक माझ्याकडे आहे" असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो.

माल देत राहिलो. कच्च्या मालाला पैसे नव्हते, म्हणून घरातलं सोनं गहाण ठेवलं. चार महिन्यांत बाकी 2,60,000 झाली. भांडून, फेऱ्या मारून 70,000 मिळाले. बाकीचे 1,90,000 गेले. मशीन विकून सोनं सोडवलं आणि युनिटला कुलूप लावलं.

38 हजारांना टॅप केला असता तर वाईट वाटलं असतं, पण धंदा जिवंत राहिला असता. त्या केटररने मला फसवलं हे खरं. पण 38 हजारांनंतरचा प्रत्येक रुपया मी स्वतःच्या हाताने दिला, हेही तितकंच खरं.

हेलिओने टॅप केला नाही, त्याचं काय?

काही जण म्हणतील, सर, चिकाटी नको का? मोठी माणसं हार मानत नाहीत!

मग ही गोष्ट ऐका. 1951 मध्ये रिओच्या मराकाना स्टेडियमवर हेलिओ ग्रेसींची लढत जपानच्या मासाहिको किमुरा यांच्याशी झाली. किमुरांनी हेलिओंचा हात मागे पिळून अडकवला. हेलिओंनी टॅप केला नाही आणि हात मोडला. शेवटी कडेला उभ्या असलेल्या भावाने, कार्लोसने, हार पत्करून लढत थांबवली.

लोक यात हेलिओंचं धैर्य बघतात, आणि ते होतंच. पण मला यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्याचा हात मोडतोय त्याला थांबायचं कळत नाही, म्हणून थांबवणारा माणूस कडेला लागतो. दोन, ज्या डावाने हरले त्या डावाला जिउ-जित्सूच्या जगाने जिंकणाऱ्याचंच नाव दिलं. आजही तो डाव जगभर 'किमुरा' म्हणूनच शिकवतात. हार लपवली नाही, तिचा अभ्यासक्रम केला.

हेलिओ पुढे 95 वर्षं जगले. ती लढत त्यांचा शेवट ठरली नाही. पण एक मोडलेला हात त्यांना परवडला. तुमच्या धंद्याला एकच हात आहे, आणि त्यावर घर चालतं.

मॅट आणि बाजार यांत एक मोठा फरक

मॅटवर टॅप केलं की समोरचा सोडतो. बाजारात कुणी सोडत नाही. भाडं चालू राहतं, व्याज चालू राहतं, गिऱ्हाईक आणखी माल मागत राहतो. म्हणून बाजारात टॅप कुठे करायचा हे अडकण्याच्या आधी ठरवावं लागतं. दुखायला लागल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा फक्त इज्जत बोलते.

आज एक वही घ्या आणि तीन ओळी लिहा.

पहिली ओळ उधारीची. एका गिऱ्हाइकाकडे जास्तीत जास्त किती रुपये आणि किती दिवस? आकडा असा ठेवा की तो पूर्ण बुडाला तरी पुढच्या महिन्याचा कच्चा माल घेता येईल.

दुसरी ओळ तोट्याची. धंदा सलग किती महिने आणि एकूण किती रुपये तोटा सोसेल? त्यानंतर पद्धत बदलायची, जागा बदलायची किंवा थांबायचं.

तिसरी ओळ घराची. कोणत्या गोष्टी धंद्यात कधीही लावायच्या नाहीत? घर, सोनं, मुलांच्या फीचे पैसे, जे असेल ते नावानिशी लिहा.

मग ही वही तुमच्या 'कार्लोस'ला दाखवा. बायको, नवरा, भाऊ, मित्र, कुणीही, पण तुम्हाला स्पष्ट "थांब" म्हणू शकेल असा माणूस हवा.

आणि एक कामाची गोष्ट. तुमचं सूक्ष्म किंवा लघु उत्पादन वा सेवा युनिट असेल तर माल देण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार खरेदीदाराने अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज मागता येतं, आणि तक्रार करता येते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

शिकायला जाणार असाल तर

आधी एक ट्रायल क्लास करा आणि कडेला बसून बघा. टॅप झाल्यावर लोक लगेच सोडतात का? नव्या माणसाला थेट तगड्या माणसापुढे टाकतात का? प्रशिक्षक कुणाकडे शिकले हे मोकळेपणाने सांगतात का? यातलं काही खटकलं तर दुसरी जागा शोधा.

मान, पाठ, गुडघा यांचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकांना सांगा. नखं कापा, मॅटवर चप्पल नको, आणि 'गी', म्हणजे तो जाड सुती अंगरखा, प्रत्येक वेळी धुवा. गजकर्ण या खेळात पटकन पसरतं. अंगावर चट्टा दिसला तर त्या दिवशी घरी राहा. आणि श्वास चालू ठेवा.

मी मागच्या सोमवारी परत गेलो. तोच पोरगा, तोच आर्मबार. यावेळी हात सरळ व्हायच्या आधीच मी त्याच्या मांडीवर तीनदा थोपटलं. त्याने सोडलं, हसला आणि म्हणाला, "काका, परत?"

म्हटलं, "परत."

त्या संध्याकाळी मी सात वेळा हरलो आणि दोन्ही हात घेऊन घरी आलो.

वहीतल्या तीन ओळी आजच लिहा, मंडळी. भेटू पुढच्या व्हिडिओत.