शुन्सुके नाकामुरा : डाव्या पायाचा कारागीर

१९७८ साली योकोहामा येथे जन्मलेला शुन्सुके नाकामुरा हा मधल्या फळीतील, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांना जोडणारा, खेळाडू होता; योकोहामातील मारिनोस क्लबच्या कुमार संघातून वरच्या गटात निवड न झाल्याने तो शालेय फुटबॉलकडे वळला आणि १९९७ मध्ये त्याच क्लबचा व्यावसायिक खेळाडू म्हणून परतला. २००२ च्या विश्वचषकासाठी जपानचे प्रशिक्षक फिलिप त्रूसिए यांनी त्याला वगळले, हा निर्णय आजही अनाकलनीय वाटतो.

इटलीतील रेज्जिना क्लबमध्ये खेळल्यानंतर तो २००५ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडे गेला. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी थेट फ्री किक, जिच्यात बचावपटूंच्या भिंतीवरून चेंडू वळवावा लागतो, हे त्याचे खरे अस्त्र होते. २००६ मध्ये युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याने असे गोल केले आणि ग्लासगोतील दुसऱ्या गोलाने सेल्टिकला १-० असा विजय मिळवून बाद फेरीत नेले.

स्पेनच्या एस्पान्योल क्लबमधील अल्प आणि निष्फळ मुक्कामानंतर मायदेशी परतलेल्या नाकामुराला २०१३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, जपानच्या जे-लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २००० नंतर दुसऱ्यांदा मिळाला. तो निवृत्त झाला २०२२ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी.