पुलावरचा मार आणि अंधारातली गोळी

७ मार्च १९६५ च्या रविवारी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा गावाहून सुमारे ६०० आंदोलक कृष्णवर्णीयांसाठी मतदानाचा हक्क मागत राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाले. पुढे चालणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसने तुरुंगवास गृहीत धरून पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे आणि टूथब्रश घेतला होता. एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी दांडक्यांनी मारायला सुरुवात केली, अश्रुधूर सोडला. लुईसच्या कवटीला तडा गेला. त्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ही दृश्ये देशाला दाखवली. आठच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मतदान हक्काच्या कायद्यासाठी संसदेपुढे उभे राहिले आणि ६ ऑगस्टला त्या कायद्यावर त्यांची सही झाली.

यावरून शांत माणसांवर काठी पडली की लोकमत आपोआप पालटते, असा धडा काढला जातो. तो अपुरा आहे. ज्याच्या मृत्यूमुळे ही पदयात्रा निघाली, त्या २६ वर्षांच्या कृष्णवर्णीय जिमी ली जॅक्सनला १८ फेब्रुवारीच्या रात्री जवळच्याच मॅरियन गावात पोलिसाची गोळी लागली होती. रस्त्यावरचे दिवे गेलेले, पत्रकारांनाही मारहाण झालेली. या तरुणाच्या मृत्यूने देश तसा हलला नाही. पुढे याच आंदोलनात जेम्स रीब हा गोरा धर्मोपदेशक मारहाणीत दगावला तेव्हा जी हळहळ उसळली, ती जॅक्सनच्या वाट्याला आली नव्हती. म्हणजे नुसत्या जुलमाने लोकमत हलत नाही. जुलूम दिसावा लागतो, आणि मार खाणारा आपलाच वाटावा लागतो. जॉर्जियातल्या अल्बनीचे पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी हे नेमके ओळखले होते. गांधीजींच्या तंत्राचा अभ्यास करून १९६१-६२ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर हात न उगारता शेकडो आंदोलकांना अटक केली. वंशभेद तसाच राहिला आणि तिथल्या आंदोलनाच्या पदरी फारसे काही पडले नाही.

आंदोलकांनी मार मुद्दाम ओढवून घेतला, हा आक्षेप तेव्हाही होता. सेल्माची निवड विचारपूर्वक झाली होती, हे खरेच. पण अन्याय त्यांनी आणलेला नव्हता. तिथल्या डॅलस काउंटीत निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची असूनही त्यांच्यातल्या जेमतेम दोन टक्के प्रौढांची नावे मतदारयादीत होती. नोंदणी कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडायची. रोजची ही मुस्कटदाबी कोणी चित्रित करत नव्हते. आंदोलकांनी ती उजेडात आणली, एवढेच. त्यासाठी आपली डोकी फोडून घ्यावी लागली, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. बंद कचेरीचे दार पाहून जो समाज अस्वस्थ होत नाही, तो दुबळ्यांकडून पुरावा म्हणून रक्त मागतो. ते रक्त सांडण्याआधी त्या दाराकडे पाहणे, ही बघणाऱ्यांची जबाबदारी आहे.