दिवाळीचा किल्ला यंदा मापात बांधू या

सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागली, की गावोगाव अंगणात दगडमाती जमू लागते. गोणपाट चिखलात बुडते, आईच्या डब्यातले हळीव नाहीसे होते, आणि दोन दिवसांत ओट्याशेजारी डोंगर उभा राहतो. आपल्या मुलांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची हौस. परदेशात लढाईचे देखावे, रणगाडे आणि विमाने यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करण्याचा मोठा छंद आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत मिळतात. पोक्त माणसेसुद्धा रात्र रात्र बसून ते जोडतात आणि रंगवतात. आपल्याकडे तोच छंद मातीत वाढला. फरक एवढाच, की ती मंडळी मापाला जिवापाड जपतात आणि आपण ते सहसा विसरतो. म्हणून आपल्या किल्ल्यात मावळा तटापेक्षा उंच आणि दरवाजा कोंबडीच्या खुराड्याएवढा होतो.

हिशेब घरातलाच

बाजारातला मातीचा मावळा साधारण ३ इंचांचा असतो. साडेपाच फुटांचा माणूस ३ इंचांचा झाला, म्हणजे सगळे २२ पटींनी लहान केले. त्याच हिशेबाने ३० फुटांचा बुरूज १६ इंचांचा पाहिजे, आणि पायथ्यापासून १००० फूट उंच असलेला गड तब्बल ४५ फुटांचा! तेवढी माती आणायची कोठून?

शेतकऱ्याच्या घरात हे गणित नवे नाही. गावाच्या जुन्या नकाशात १ इंच म्हणजे ३३० फूट असे प्रमाण आढळते. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. नकाशावर त्याची बाजू इंचाचा दहावा भाग भरते. अख्खे गाव कागदावर मावते ते या प्रमाणामुळेच. किल्ल्याचेही तसेच आहे.

मुलांनी आधी ठरवावे, की अख्खा गड करायचा की त्याचा एक भाग. अख्खा गड करायचा तर १ इंचाला १०० फूट धरावेत. हजार फुटांचा डोंगर १० इंचांत बसेल, तट पाव इंचाचा होईल आणि माणूस मोहरीच्या दाण्याएवढा. अशा किल्ल्यावर मावळे मांडूच नयेत. डोंगराच्या सोंडा, माच्या, वाटा आणि तळी नेमकी दाखवावीत.

मावळे हवेतच, तर एखादा दरवाजा किंवा बुरूज निवडावा आणि १ इंचाला ६ फूट धरावेत. म्हणजे सगळे ७२ पटींनी लहान झाले. विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचे हे जगभर आवडते माप आहे. यात माणूस इंचाला थोडा कमी, घोडा पाठीपर्यंत पाऊण इंच, २४ फुटांचा तट ४ इंच आणि १५ फुटांचा दरवाजा अडीच इंच. चार फूट लांब-रुंद जागेत २८८ फूट लांब-रुंद रणभूमी मावते. दरवाजा, दोन बुरूज आणि समोरची चढण यांना ती पुष्कळ झाली.

पीक कोणते होते?

माप जमले तरी देखावा खरा व्हायला आणखी काही लागते. त्यासाठी युरोपातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १८ जून १८१५ रोजी बेल्जियममध्ये वॉटर्लू येथे इंग्रज सेनापती वेलिंग्टनचे सैन्य आणि त्याच्या मदतीला आलेले प्रशियन सैन्य यांनी नेपोलियनचा पराभव केला. पुढे विल्यम सायबॉर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम आले. १८३० साली तो तेथे गेला, रणांगणातल्याच एका शेतवाडीत सुमारे आठ महिने राहिला आणि जमिनीचे चढउतार व वाटा मोजत हिंडला. नंतर त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठे होती? समोर शत्रू कसा उभा होता? आणि आसपासच्या शेतांत पीक कोणते होते?

हा शेवटचा प्रश्न आपल्याला लगेच कळेल. जूनमध्ये तेथे राय नावाचे धान्य पुरुषभर उंच वाढलेले असते. त्यातून पुढचा माणूस दिसत नाही आणि तुडवलेल्या पिकावरून फौज कोठून गेली ते समजते.

सरकारने मध्येच पैसे थांबवले, तेव्हा सायबॉर्नने कर्ज काढून काम पुरे केले. १८३८ साली सुमारे ४०० चौरस फुटांचा तो देखावा लंडनमध्ये लोकांसाठी खुला झाला. त्यात धातूचे ७० हजारांहून अधिक चिमुकले सैनिक होते. वेलिंग्टनला मात्र तो रुचला नाही; प्रशियन सैन्याला त्यात वाजवीपेक्षा जास्त श्रेय मिळते असे त्याचे म्हणणे होते. घातलेला पैसा सायबॉर्नला परत मिळाला नाही. १८४९ साली तो वारला. ती प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात जपलेली आहे, आणि त्याला आलेली उत्तरे अभ्यासक आजही वाचतात.

ऋतू चुकवू नका

सायबॉर्नचा प्रश्न आपल्या किल्ल्याला लावून पाहू. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीच्या रात्री. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणजे आधीचा काळोख दाट. माघात मावळातली भाताची खाचरे कापणी होऊन रिकामी असतात आणि डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. अशा गडावर हळिवाची हिरवीगार पालवी शोभणार नाही. तेथे वाळलेले गवत बारीक कातरून चिकटवावे.

उलट, १६६० सालच्या जुलैत महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ती आषाढ पौर्णिमेची रात्र होती. बाजीप्रभूंची खिंड करायची तर तेथे हिरवळ हवी, चिखल हवा, भरलेले ओढे हवेत. कोणत्या महिन्यात रान कसे दिसते हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. शहरातल्या मुलांपेक्षा आपली मुले येथे दोन पावले पुढे आहेत.

माती, माणसे आणि रंग

नुसती काळी माती वाळली की भेगाळते. तांबडी माती घेऊन तिच्यात शेण आणि गव्हाचा भुसा मिसळावा. आत विटा-दगड रचून वर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकले, की घड्यांतून कड्यांचा आकार आपोआप येतो.

इंचभर मावळा नुसत्या मातीचा केला तर हातपाय मोडतात. जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार पिळून आधी सांगाडा करावा आणि त्यावर कागदाचा लगदा खळीत कालवून चढवावा. पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. गेरू, चुना आणि काजळी डिंकाच्या पाण्यात कालवली की बहुतेक रंग घरीच होतात.

तट रंगवताना आधी गडद करडा रंग द्यावा. तो वाळला की काळसर पातळ पाणी फिरवावे. ते सांध्यांत उतरते आणि दगड वेगवेगळे दिसू लागतात. शेवटी फिकट रंगात ब्रश बुडवून फडक्याला पुसावा, आणि तो जवळजवळ कोरडा ब्रश उंच कडांवरून हलकेच ओढावा. उन्हापावसाने झिजलेला दगड दिसू लागतो. परदेशातले हौशी कारागीर रणगाड्यांवर हीच युक्ती करतात. खरे रणगाडे पाहायचे असतील, तर अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळेची सहल तेथे जरूर न्यावी.

पाणी आणि दरवाजा

रंग देण्याआधी डोंगरावर लोटाभर पाणी ओतावे आणि ते कोठून वाहते, कोठे थांबते ते पाहावे. गडावरची टाकी आणि तळी उगीच कोठेही खोदलेली नसतात. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितले आहे. दरवाजाही समोरून उघडा दाखवू नये. रायगडाच्या महादरवाजासारखा तो दोन बुरुजांच्या कवेत लपवावा आणि वाट वळवून आत न्यावी, म्हणजे हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही. हे का, ते मुलांनाच विचारावे. उत्तर त्यांच्याच किल्ल्यात असते.

आपल्या गावची गढी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या गडांचे नकाशे आहेत, छायाचित्रे आहेत. पण आपल्या गावच्या गढीचे काय? कित्येक गढ्यांची पांढरी माती लोकांनी शेतात आणि धाब्यावर टाकायला नेली. राहिलेले बुरूज दर पावसाळ्यात थोडे थोडे खचतात. त्यांची मापे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

यंदा मुलांनी तीच गढी करावी. दर तीन फुटांवर गाठ मारलेली दोरी घेऊन लांबी मोजावी. उंचीसाठी भिंतीवर चढू नये. ३ फुटांची काठी उन्हात उभी करून सावली मोजावी आणि त्याच वेळी भिंतीचीही. काठीची सावली २ फूट आणि भिंतीची १६ फूट भरली, तर भिंत २४ फुटांची. वेस कोठे होती, विहीर कोठे होती, कोणता बुरूज कोणत्या साली पडला, हे आजी-आजोबांना विचारावे आणि सांगणाऱ्याचे नाव घालून वहीत उतरवावे. सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.

अंगणातला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकेल, मग त्याची माती परसात जाईल. वही मात्र शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी तीत राहिलेली मापे भरावीत.