थंडी-पावसातली परसबाग

आपल्याकडे वसंत म्हटला की मोहरलेला आंबा, फुललेला पळस आणि दुपारी नकोसं होणारं ऊन डोळ्यांपुढे येतं. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये, मँचेस्टर शहराच्या बाहेर राहते. तिथला वसंत दिनदर्शिकेत मार्चमध्ये येतो. प्रत्यक्षात मार्च-एप्रिलमध्ये बाहेर आठ-नऊ अंश तापमान, भरलेलं आभाळ आणि भुरभुर पाऊस असतो. छत्री उघडली की तो थांबतो आणि मिटली की पुन्हा सुरू होतो.

ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांची मुलं तिकडे असतील. इथला उन्हाळा टाळून आई-वडील नेमके याच सुमाराला, सहा महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे जातात. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि घरामागे जमिनीचा एक लहानसा तुकडा रिकामा पडलेला. आयुष्यभर घरी निदान तुळस-कढीपत्ता तरी जोपासलेल्या माणसाचे हात शिवशिवणारच. मग पहिल्या रविवारी कुदळ चालवली जाते, मेथी, कोथिंबीर, घेवडा पेरला जातो आणि तीन आठवडे काहीही उगवत नाही. ‘इथली मातीच मेली वाईट’ असा निकाल लागतो. त्या एका एप्रिलनंतर मागच्या अंगणात फरशी घालून मोकळी झालेली निदान चार मराठी घरं मला ठाऊक आहेत. आई-वडील परत येतात, फरशी राहते.

खरं तर माती वाईट नसते. तिची वेळ झालेली नसते, एवढंच.

मँचेस्टर पावसासाठी बदनाम आहे. पण वर्षाचा पाऊस मोजला तर तो सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे पुण्यापेक्षा फार जास्त नाही. महाबळेश्वरच्या माणसाला तर या आकड्याचं हसू येईल. फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मँचेस्टरचा वर्षभरात जवळपास दीडशे दिवस, थोडा थोडा पडतो. त्यात ऊन तिरपं आणि दुबळं. पडलेलं पाणी वाळायच्या आत पुढची सर येते. आमच्या भागातली माती बरीचशी चिकण. ती पाणी धरून ठेवते, सोडत नाही.

आता ओल्या मातीचं आणि थंडीचं नातं पाहा. पाणी तापायला पुष्कळ उष्णता लागते, म्हणून भिजलेली माती कोरडीपेक्षा फार सावकाश तापते. शिवाय ओलाव्याची वाफ होताना ती मातीतली उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात आपल्या माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं एप्रिलमधला भिजलेला वाफा गार राहतो. दुपारी कोवळं ऊन पडलं, हवा पंधरा अंशांवर गेली, माणसांनी स्वेटर काढले, तरी बोटभर खाली माती सहा-सात अंशांवरच असते. बी हवेत नाही, त्या मातीत असतं.

बी पाणी पिऊन फुगलं की त्याचा श्वास सुरू होतो. त्याला प्राणवायू हवा असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरलेल्या असतील तर तो मिळत नाही. शिवाय थंडीत कोंब सावकाश चालतो, पण बुरशीचं काम थांबत नाही. या शर्यतीत बी हरतं. उकरून पाहिलं तर घेवड्याचा दाणा बोटात पिठासारखा फुटतो. पाकिटावर दोष नसतो आणि पेरणाऱ्याच्या हातगुणावर तर मुळीच नसतो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये माझे वडील, आबा, आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातले शेतकरी. तो एप्रिल विलक्षण होता. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये आधीच्या दुष्काळामुळे महिन्याच्या सुरुवातीला बागेत नळीनं पाणी घालायला बंदी आली, आणि मग जो पाऊस लागला तो ब्रिटनच्या नोंदींमधला, म्हणजे १९१० पासूनचा, सर्वांत ओला एप्रिल ठरला. आमची भाड्यानं घेतलेली भाजीची जमीन घरापासून दहा मिनिटांवर आहे. अशा जागेला तिकडे अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तिथे नगरपालिकांनी रहिवाशांना अशी जमीन द्यावी, असं १९०८ च्या कायद्यानं ठरवलं आहे. पूर्ण तुकडा जुन्या मापानं दहा रॉडचा, म्हणजे आपला अडीच गुंठ्यांचा असतो. त्यासाठी कित्येक ठिकाणी काही वर्षं यादीत नाव लावून थांबावं लागतं.

आबा तिथे पोचले तेव्हा ईस्टर होऊन गेला होता. गुड फ्रायडेला बटाटे लावायची तिकडे जुनी रीत आहे, त्यामुळे आजूबाजूच्या बहुतेकांची लागवड झालेली. आबांनी खाली बसून मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. मातीचा लाडू झाला होता. अंगठ्यानं रेटल्यावर तो फुटला नाही, नुसता चेपला. ‘वाफसा न्हाई आला अजून,’ म्हणाले आणि हात धुवायला गेले. तीन आठवडे त्यांनी मला तिथे पाय ठेवू दिला नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाऊस पडून गेल्यावर जास्तीचं पाणी निचरून जातं आणि मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसतो. त्या अवस्थेला आपल्याकडे वाफसा म्हणतात. वाफसा आला की लाडू होतो, पण अंगठा लावताच तो भुसभुशीत सुटतो. आमच्या शेजारच्या तुकड्यावरचे इंग्रज आजोबा हीच परीक्षा करतात, अगदी तशीच मूठ वळून. मात्र ‘आता माती कामाजोगी झाली’ असं सबंध वाक्य त्यांना म्हणावं लागतं. आपल्या शेतकऱ्यानं ते एका शब्दात बसवलं आहे.

दुबार पेरणीचं दुःख महाराष्ट्राला नवं नाही. मृगाचा पहिला शिडकावा झाला की पेरायचं, मग पावसानं ओढ द्यायची आणि बियाण्याचा खर्च मातीत जायचा. म्हणून तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. आपली घाई पाण्याच्या बाबतीत होते, तिकडची उबेच्या बाबतीत. तारखेकडे पाहून पेरलं की दोन्हीकडे फसगत होते. गुड फ्रायडे तर चंद्राच्या हिशेबानं २० मार्चपासून २३ एप्रिलपर्यंत कधीही येतो. बटाट्याला ते कसं कळावं?

उबेसाठी मातीचा थर्मामीटर मिळतो. सकाळी नऊच्या सुमाराला तो चार बोटं खोल खुपसायचा आणि चार-पाच दिवस ओळीनं पाहायचं. ढोबळ हिशेब असा : ब्रॉड बीन, मटार आणि सॅलडचा पाला पाच अंशांच्या वर उगवू लागतात. गाजर-बिटाला सात तरी हवेत. मेथी-कोथिंबिरीला दहाच्या पुढे बरं. फ्रेंच बीनला, म्हणजे आपल्या श्रावण घेवड्याला, बारा. काकडी-भोपळ्याला पंधरा. भेंडीला वीस, आणि म्हणून उत्तर इंग्लंडमध्ये उघड्यावर भेंडी लावण्याचा हट्ट काचघर नसेल तर करूच नये. थर्मामीटर नसेल तर तणाकडे पाहा. रिकाम्या वाफ्यात बारीक तण हिरवं दिसू लागलं की माती जागी झाली म्हणायचं. पूर्वीचे इंग्रज शेतकरी विजार उतरवून शेतात बसत आणि गारवा सोसवला तरच पेरत, अशी एक गोष्ट तिकडे हसत हसत सांगतात. आजमावून पाहायची गरज नाही.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं मात्र नाही. उलट याच तीन-चार आठवड्यांत सर्वांत महत्त्वाचं काम होतं. पहिली गोष्ट, ओल्या मातीत पाय घालू नका. चिकण मातीवर उभं राहिलं की तिच्यातल्या पोकळ्या चेपतात आणि त्या मोसमात पुन्हा सुटत नाहीत. काळ्या रानात ओल्यात नांगर घातला तर कशी ढेकळं निघतात, ते आठवा. जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहा. दुसरी गोष्ट, गादीवाफे करा. वीतभर उंच, चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. पाणी निचरतं आणि उंचावलेली माती लवकर तापते. वाकायला त्रास होणाऱ्या वयात त्याचा आणखी एक फायदा आहेच. वर कंपोस्टचा चांगला जाड थर द्या. तिसरी गोष्ट, वाफ्यावर काळं प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबा. पाऊस बाहेर, ऊब आत. पेरणीच्या आधी तीन-चार आठवडे हे केलं तर शेजारच्या उघड्या वाफ्यात आणि तुमच्या वाफ्यात हाताला फरक कळतो.

आणि घरात खिडकी असते. दक्षिणेकडची खिडकी म्हणजे थंड देशातलं छोटं शेत. खणांचे ट्रे, दह्याचे रिकामे डबे तळाला भोक पाडून, काहीही चालतं. बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्यात डोळे वर करून ठेवायचे, म्हणजे कोंब धरतात. मटार पावसाच्या पन्हळीच्या तुकड्यात पेरायचा आणि रोपं बोटभर झाली की सगळी ओळ चरात अलगद सरकवायची. ही युक्ती तिकडच्या बागवानांची, आणि मुलांना ती फार आवडते. घेवडा मेच्या सुरुवातीला आत पेरला तरी वेळेत होतो. एक धोका आहे. उबेत पाणी जास्त झालं तर रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. पाणी खालून, बशीत द्यावं आणि मातीचा वरचा थर सुकू द्यावा.

मेथी-धण्यांचं बी भारतीय किराणा दुकानातलंच वापरतात बहुतेक लोक. आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. निम्म्याहून कमी मोडले तर ते फोडणीला ठेवा. धणे लाटण्यानं हलके दोन फाका करून पेरावेत. भारतातून बी नेण्याचा मोह टाळावा, कारण लागवडीच्या बियाण्याला तिकडे वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय आपले कित्येक गावठी वाल-पावटे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये तिकडे दिवस सतरा तासांचा. वेल कुंपणभर माजतो, पानंच पानं. फुलं धरायची आठवण त्याला सप्टेंबरात होते आणि पाठोपाठ थंडी येते. एका काकूंनी अख्खा मोसम त्या वेलाची आशेनं सेवा केली, ते पाहवत नव्हतं.

थांबल्यानं उशीर होतो का? २०१३ चा मार्च ब्रिटनमध्ये १९६२ नंतरचा सर्वांत थंड मार्च होता, महिन्याचं सरासरी तापमान जेमतेम सव्वादोन अंश. त्या वर्षी आमच्या भागात मेच्या मध्यावर लावलेला घेवडा, घाईनं लावून पिवळ्या पडलेल्या घेवड्याच्या पुढे गेला. ऊब मिळालेलं रोप खुंटलेल्या रोपाला सहज गाठतं. घेवड्याची पेरणी जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे हाताशी दोन महिने असतात. मात्र खिडकीतली रोपं एकदम बाहेर लावायची नाहीत. आठ-दहा दिवस सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, असं करून त्यांना वाऱ्याची सवय लावायची. आमच्याकडे मेच्या अखेरीपर्यंत एखाद्या रात्री दहिवर पडून रोपं करपू शकतात, तेवढं लक्षात ठेवायचं.

राहिल्या गोगलगाई. ओल्या वसंतात शंख नसलेल्या गोगलगाई एका रात्रीत घेवड्याची सबंध ओळ खाऊन टाकतात आणि सकाळी नुसते दांडे उभे असतात. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या पूर्वी सर्रास टाकत. पक्षी आणि साळिंदरासारखा दिसणारा तिकडचा छोटा हेजहॉग यांना त्या घातक, म्हणून २०२२ च्या मार्चअखेरीपासून उघड्यावर त्यांचा वापर बंद आहे. लोहयुक्त फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. पण सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बॅटरी आणि बादली. नातवंडं या कामाला एका पायावर तयार असतात. फक्त त्यांना जागं ठेवावं लागतं, कारण जूनमध्ये तिकडे रात्री साडेदहापर्यंत नीट अंधारच पडत नाही.