भूतघराची परिभाषा : एका शालेय स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने

गोंदिया जिल्ह्यातील एका शिक्षिकेने गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकाकडे एक यादी पाठविली. शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या विद्यार्थ्यांनी एका वर्गखोलीत 'भूतबंगला' उभारण्याचे ठरविले होते आणि आत लावावयाच्या पाट्यांसाठी मुलांनी पुढील नावे सुचविली होती : मुंजा, हडळ, समंध, खवीस, चकवा, चेटकीण, टोनही. ही नावे शुद्ध लिहिली आहेत काय, एवढीच बाईंची पृच्छा होती. लेखन शुद्धच होते. परंतु यादीतील शेवटची दोन नावे आधीच्या पाच नावांच्या पंक्तीत बसत नाहीत. ती का बसत नाहीत, हे भाषेच्याच साहाय्याने दाखविता येते. तसे करणे हा या टिपणाचा हेतू होय.

प्रथम स्थळाचे नाव पाहू. इंग्रजीतील 'हाँट' हे क्रियापद फ्रेंचमधून आलेले असून 'एखाद्या ठिकाणी वारंवार जाणे-येणे' हा त्याचा जुना अर्थ आहे. त्यामुळे त्या भाषेत घर हे सहजच त्या क्रियापदाचे कर्म होते. मराठीत भूत माणसाला लागते, धरते, झपाटते, पछाडते. घरात ते केवळ वावरते. 'झपाटलेला' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतो, वाडा येत नाही. वाड्यासाठी 'भुताटकीचा' असे विशेषण किंवा 'भूतबंगला' असा समास योजावा लागतो. जपानमधील शाळांच्या सांस्कृतिक उत्सवांतही विद्यार्थी वर्गखोलीत असे घर उभारतात. त्यास 'ओबाके याशिकी' म्हणतात. 'ओबाके' हा शब्द 'रूप पालटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून साधलेला आहे. म्हणजे इंग्रजीत भर स्थळावर, जपानीत रूपांतरावर आणि मराठीत बाधित माणसावर आहे. मराठी भयकल्पनेच्या केंद्रस्थानी माणूस आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

आता नावांकडे वळू. 'भूत' हे संस्कृत 'भू' धातूचे भूतकालवाचक धातुसाधित. 'जे होऊन गेले ते' हा अर्थ 'भूतकाळ' या शब्दात आहे आणि 'जे अस्तित्वात आले ते' हा अर्थ 'पंचमहाभूते' व 'भूतदया' या शब्दांत टिकून आहे. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे 'ते भूत' कोणाचे, स्त्रीचे की पुरुषाचे, हे त्यावरून कळत नाही. विशिष्ट नावे मात्र मृत व्यक्तीची सामाजिक ओळख सांगतात. लोकसमजुतीनुसार मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी निवर्तलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात दगावलेली स्त्री ती हडळ किंवा अळवंतीण. वासना अतृप्त राहिलेला ब्राह्मण तो समंध. 'समंध' हा शब्द 'संबंध' याचेच रूप असून मरणानंतरही न तुटलेले नाते त्यात सूचित होते. 'खवीस' हा अरबी 'खबीस', म्हणजे दुष्ट वा अपवित्र, या शब्दावरून आला. स्थळपरत्वे या समजुतींत भेद आढळतात. परंतु अपुरे राहिलेले आयुष्य हा त्यांतील समान धागा होय.

येथे एक साधी कसोटी लावून पाहावी. 'अमका मरून ... झाला' या वाक्यचौकटीत मुंजा, समंध व खवीस हे शब्द विनासायास बसतात; लिंग बदलले की हडळही बसते. 'चकवा' बसत नाही, कारण तो कोणी गतप्राण माणूस नसून वाट चुकविणारी शक्ती आहे. 'चेटकीण' हा शब्दही या चौकटीत बसत नाही. त्याची चौकट निराळी : 'अमकी बाई ... आहे.' क्रियापद वर्तमानकाळी आणि कर्ता जिवंत. 'चेटूक' या शब्दास '-ईण' हा प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. 'जखीण' या शब्दात 'यक्षिणी'चा अवशेष आहे. 'चेटकीण' मात्र माळीण, कुंभारीण, शेजारीण यांच्या मालिकेतील शब्द आहे. छत्तीसगढीतील 'टोनही' हाही याच वर्गातला असून जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील देवरी, सालेकसा भागांत तो अपरिचित नाही.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत (ग्रंथरूप १९६२) असे प्रतिपादिले की, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते स्वतःच कृती असतात. 'ही टोनही आहे' हा उच्चार त्याच जातीचा. तो गावात उमटला की एखाद्या वृद्धेचे, बहुधा एकट्या राहणाऱ्या विधवेचे, जगणे बदलते. मारहाण, बहिष्कार, क्वचित हत्याही त्यामागून येते. छत्तीसगड राज्याने २००५ मध्ये केलेल्या अधिनियमाच्या शीर्षकातच 'टोनही' हा शब्द आहे आणि कोणास टोनही म्हणून ओळखणे हाच त्याने गुन्हा ठरविला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असा संशय निर्माण करून तिचा छळ करणे, यास त्याखाली सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. शब्दाचा उच्चार दंडनीय ठरावा, एवढे त्याचे सामर्थ्य विधिमंडळांनीही मान्य केले, असा याचा अर्थ.

नाटकात चेटकीण असते, मग भूतघरात का नको, असा आक्षेप संभवतो. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण पाहून मुले पोट धरून हसतात, हे खरे. परंतु तिच्याभोवती कथा असते, राजा असतो, शेवट असतो. ती त्या कथेबाहेर कोणाची शेजारीण नसते. झाडीपट्टीतील प्रेक्षक दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार व नाटके पाहून सोंग आणि माणूस यांतील अंतर उत्तम जाणतो. भूतघराला मात्र कथा नसते. तेथे अंधारात फक्त एक पाटी व एक पांढरे केस सोडलेली आकृती असते. उरलेली गोष्ट मूल आपल्या गावातून भरून काढते. याच कारणास्तव आणखी दोन पथ्ये पाळणे इष्ट. वर्गातील एखाद्या मुलाची आई बाळंतपणात गेली असेल, तर 'हडळ' ही त्याला गंमत वाटणार नाही. तसेच गोंड समाजात पूर्वज हे पूजेचे विषय आहेत. माघ पौर्णिमेस कचारगड येथे जमणाऱ्या भाविकांची प्रतीके भयाची सामग्री म्हणून वापरणे सर्वथा अनुचित होय.

मग उरते काय? उरतो चकवा, आणि भूतघरास तो पुरेसा आहे. एकाच जागी पुनःपुन्हा आणून सोडणारी वाट ही भूतघराची मूळ रचनाच होय. बाके उभी करून, त्यांवर काळी कापडे टाकून वळणावळणाची वाट करावी. दोन वळणे हुबेहूब सारखी ठेवावी, म्हणजे 'येथे आपण आताच आलो होतो' असा भ्रम आपोआप होतो. १८६२ मध्ये लंडन येथे जॉन हेन्री पेपर यांनी लोकप्रिय केलेली युक्तीही सुसाध्य आहे : पारदर्शक तक्ता तिरपा उभा करून बाजूस लपविलेल्या बाहुलीवर प्रकाश टाकला की, समोर अधांतरी आकृती दिसते. मेणबत्त्या टाळाव्यात व बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. शेवटी दिवे लावून प्रत्येक प्रेक्षकास तक्ता आणि बाहुली दोन्ही दाखवावीत. ज्याने भूत तयार केले वा तयार होताना पाहिले, त्याला कोणी पुढे सहजासहजी भिववू शकत नाही.

बाईंना हे सर्व कळविले. त्यांचे उत्तर आले, त्यात पाट्या बदलल्याचे लिहिले होते. शिवाय, दोन नावे का गाळली हे वर्गात सांगितल्यावर एका मुलीने विचारले होते, "मग आमच्या गावात ज्या आजीला लोक तसं म्हणतात, तिला काय म्हणायचं?" बाईंनी सांगितले, "आजी." प्रस्तुत लेखकास याहून अधिक शुद्ध पर्याय सुचविता आला नसता.