तारीख कुणाच्या हाती? : व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाचे वेळापत्रक

मेलबर्नच्या आग्नेयेला सुमारे 30 किलोमीटरवर असलेले डँडेनॉन्ग हे कारखान्यांचे, 1866 पासून भरणाऱ्या बाजाराचे आणि फॉस्टर स्ट्रीटवरील ‘लिटल इंडिया’मुळे भारतीयांच्या परिचयाचे झालेले शहर आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळात त्याचे प्रतिनिधित्व दोन प्रकारे होते : 88 सदस्यांच्या विधानसभेत डँडेनॉन्ग मतदारसंघाचा एक सदस्य असतो आणि 40 सदस्यांच्या विधान परिषदेत आग्नेय महानगर विभागाचे पाच सदस्य असतात. महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या मतदाराला ही दोन सभागृहांची रचना नवी वाटत नाही. नवी वाटते ती विधिमंडळाची मुदत आणि निवडणुकीचा दिवस कायद्यानेच बांधून टाकण्याची पद्धत.

अधिवेशन आणि बैठक हे दोन शब्द इथे नीट वेगळे करून घ्यावे लागतात. राज्यपालांनी सभागृहे बोलावल्यापासून सत्रसमाप्तीपर्यंतचा सगळा काळ म्हणजे अधिवेशन, आणि त्या काळात सभागृह ज्या दिवशी प्रत्यक्ष भरते ती बैठक. महाराष्ट्रात अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी अशी वर्षाला तीन अधिवेशने भरतात. व्हिक्टोरियात मात्र एकच अधिवेशन अनेकदा वर्षानुवर्षे चालू राहते आणि त्यात बैठकांचे आठवडे पेरलेले असतात. त्या आठवड्यांत सभागृहे साधारणतः मंगळवार ते गुरुवार बसतात, त्यांच्या तारखा सहसा वर्ष उजाडण्याआधीच जाहीर होतात आणि मे महिन्यातला अर्थसंकल्प जवळजवळ ठरलेला असतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद 174 दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू देत नाही, तर व्हिक्टोरियाच्या 1975 च्या संविधान कायद्याने बारा महिन्यांपर्यंतची मुभा दिली आहे. म्हणजे कागदावर भारतातली अट अधिक कडक ठरते. परंतु अधिवेशन किती दिवस चालावे याविषयी अनुच्छेद 174 काहीच सांगत नाही, आणि सरकारांना मोकळीक मिळते ती नेमकी तिथे.

व्हिक्टोरियातही निवडणुकीची तारीख पूर्वी सरकारच्याच मर्जीवर अवलंबून असे. जेफ केनेट यांच्या सरकारने 30 मार्च 1996 नंतरची निवडणूक 18 सप्टेंबर 1999 रोजी, म्हणजे साडेतीन वर्षांतच घेतली, आणि स्वतःला सोयीची वाटलेली ती तारीख त्या सरकारला भोवली. निकालात सत्ताधारी आघाडीला 43 आणि लेबर पक्षाला 41 जागा मिळाल्या, तीन अपक्ष निवडून आले आणि एक जागा रिकामी राहिली. ती जागा डँडेनॉन्गच्या दक्षिणेकडील फ्रँकस्टन ईस्टची होती. तिथल्या विद्यमान सदस्याचे मतदानाच्या दिवशीच निधन झाल्यामुळे 16 ऑक्टोबरला पुन्हा मतदान घ्यावे लागले. लेबरने ती जागा जिंकली तरी बहुमत कुणाकडेच नव्हते, आणि सत्तेची किल्ली रसेल सॅव्हेज, सुझन डेव्हिस व क्रेग इंग्रॅम या तीन अपक्षांच्या हाती आली. त्यांनी पाठिंब्यासाठी एक सनद पुढे केली व तीत विधान परिषदेच्या सुधारणेबरोबरच विधिमंडळाची ठरीव मुदत मागितली. तीन सदस्यांनी स्वतःसाठी पदे न मागता नियम मागावेत, ही गोष्ट संसदीय इतिहासात फारशी आढळत नाही, म्हणूनच ती आवर्जून नोंदवायला हवी.

या अपक्षांच्या पाठिंब्याने सत्तेवर आलेल्या लेबरच्या स्टीव्ह ब्रॅक्स यांच्या सरकारने पुढे जॉर्ज हँपेल यांच्या अध्यक्षतेखाली संविधान आयोग नेमला, आणि नोव्हेंबर 2002 च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे हाती आल्यावर 2003 मध्ये सुधारणा कायदा संमत करून घेतला. त्यानुसार निवडणूक दर चौथ्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होते आणि विधानसभा त्याच्या 25 दिवस आधीच्या मंगळवारी आपोआप संपते. अशी पहिली निवडणूक 25 नोव्हेंबर 2006 रोजी झाली. मुदतीआधी विधानसभा विसर्जित करायची तर सरकारवर अविश्वास मंजूर होऊन आठ दिवसांत नव्या सरकारवर विश्वास व्यक्त झालेला नसावा लागतो, किंवा दोन सभागृहांत एखाद्या विधेयकावरून कायद्याने वर्णिलेला पेच पडावा लागतो. परिषदेच्या सदस्यांची मुदतही विधानसभेइतकीच, म्हणजे चार वर्षांची झाली, आणि वार्षिक विनियोजन विधेयक अडवून सरकार पाडण्याची तिची ताकद गेली. एक महिना उलटला की ते विधेयक परिषदेच्या संमतीविनाही राज्यपालांकडे जाते.

तरीही मोठी तारीख सरकारच्या हातून गेली म्हणून वेळ सरकारच्या हातून गेला असे म्हणता येत नाही. विधानसभेत बैठकीच्या आठवड्यात मंगळवारी शासकीय कामकाजाचा कार्यक्रम ठेवला जातो. त्यात कोणती विधेयके त्या आठवड्यात पूर्ण व्हावीत ते ठरते आणि बहुमताच्या जोरावर तो मंजूरही होतो. गुरुवारी सायंकाळी, बहुधा पाच वाजता, मुदत भरली की अध्यक्ष चर्चा थांबवतात आणि उरलेली सगळी विधेयके एकामागून एक मताला टाकतात. ज्या सदस्याचे भाषण राहिले, त्याचे राहिलेच. ही पद्धत कामाला शिस्त लावते हे खरे असले तरी कायद्याच्या कलमवार छाननीचा बळी देऊन ती शिस्त येते, आणि 2003 च्या सुधारणेने या दुखण्याला हात लावला नाही.

मतदारसंघाचे प्रश्न मांडायला दिवसाच्या शेवटची तहकुबीची चर्चा असते. तीत सदस्य आपल्या भागातले एकेक काम घेऊन मंत्र्याकडे ठरावीक कृतीची मागणी करतो. डँडेनॉन्गचे प्रतिनिधित्व 2014 पासून करणाऱ्या लेबरच्या गॅब्रिएल विल्यम्स 2018 मध्ये मंत्री झाल्या, आणि मंत्री त्या चर्चेत मागणी करणाऱ्यांच्या नव्हे, उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला असतात. अशा मतदारसंघाला परिषदेतील पाच विभागीय सदस्यांचा आधार अधिक लागतो. बैठकीचा आठवडा कमी झाला की गुरुवारच्या मतदानाबरोबर ही दारेही बंद होतात, हे वेळापत्रकाकडे पाहताना सहज विसरले जाते.

महाराष्ट्राचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे वचन दिले, आणि 1960 पासून हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागले. 2018 मध्ये हा क्रम बदलून पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतले गेले, तेव्हा 6 जुलैच्या मुसळधार पावसाने विधान भवनाची वीज गेली आणि कामकाज तहकूब करावे लागले. दिवसांची आखडती मोजणी कोविडच्या काळात सर्वांत ठळक दिसली : 2020 च्या सप्टेंबर आणि डिसेंबरमधली अधिवेशने प्रत्येकी दोन दिवसांची होती. जुलै 2021 चे पावसाळी अधिवेशनही दोनच दिवसांचे होते, आणि त्याच्या पहिल्या दिवशी भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे निलंबन चालू अधिवेशनापलीकडे टिकत नाही असे ठरवले. त्या कसोटीवर कायदेशीर ठरू शकणारी ही शिक्षा अधिवेशनाच्या लांबीनेच मर्यादित होती, म्हणजे फार तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत.

व्हिक्टोरियातही 2020 मध्ये वेळापत्रक विस्कळीत झाले. 23 एप्रिलला एका दिवसाच्या बैठकीत दोन्ही सभागृहांनी आपत्कालीन उपायांचे सर्वसमावेशक विधेयक मंजूर केले. पण निवडणुकीची तारीख त्या साथीतही कुणाला हलवता आली नसती. 2022 ची निवडणूक 26 नोव्हेंबरला ठरल्याप्रमाणेच झाली, आणि विधानसभा 1 नोव्हेंबरला, मेलबर्न कपच्या सुट्टीच्या दिवशी संपली. 2026 साठी कायद्याने 28 नोव्हेंबर हा शनिवार आणि 3 नोव्हेंबर हा मंगळवार आधीच ठरवून ठेवले आहेत.