पेशींच्या पायाखालचा पडदा

तळेगाव ढमढेऱ्याच्या गोठ्यात ‘गाय उलटली’, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आली, की एकवीस दिवस पाण्यात. कधी माजाची वेळ चुकलेली असते, कधी ऊन भोवतं. पण पुष्कळदा बीज फळलेलं असतं. भ्रूणच पुढे टिकत नाही.

याच शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जेके ट्रस्टचं जनावरांच्या आयव्हीएफचं केंद्र आहे. जातिवंत गायीची बीजांडं सुईने काढून ती बशीत फलित करायची, साधारण ३८.५ अंशांवर वाढवायची आणि सातव्या दिवशी भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडायचा, अशी या तंत्राची रीत. सूक्ष्मदर्शकाखाली तो पोकळ गोळा दिसतो. बाहेर वारेच्या पेशी, आत वासराच्या पेशींचा पुंजका. प्रतवारी त्यावरूनच होते.

पण या प्रतवारीत एक गोष्ट दिसत नाही: पेशी आपल्याखाली स्वतःच एक पडदा विणतात, बेसमेंट मेम्ब्रेन. जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतकी. तो विणणारं मुख्य प्रथिन लॅमिनिन: तीन साखळ्यांचं, क्रॉसच्या आकाराचं. इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी पेशी या पडद्याला धरतात आणि आपली खालची बाजू कुठली हे ओळखतात. ती ओळख पटली नाही तर पुंजक्याला घडण येत नाही.

हे कळलं उंदरांमुळे. १९९९ साली लॅमिनिनची एक साखळी जनुकातूनच काढून टाकली, तेव्हा पडदा तयारच झाला नाही आणि भ्रूण साडेपाच दिवसांत संपले. २००४ साली कोलॅजेन-४ हे पडद्यातलं दुसरं प्रथिन काढलं. या वेळी पडदा झाला, पण कच्चा. भ्रूण दहा-अकरा दिवस तगले आणि वाढीचा ताण वाढताच पडदा फाटला. म्हणजे अंथरतं लॅमिनिन, बळ देतं कोलॅजेन. मला त्याहून नवल वाटलं ते २०२० च्या केंब्रिजच्या निष्कर्षाचं: भ्रूण या पडद्याला जागोजागी छिद्रंही पाडतो. शरीराचे थर जिथून फुटतात त्या बाजूला ती जास्त असतात. छिद्रं पाडणारी विकरं रोखली, की वाढ बिघडते.

उंदराचा भ्रूण पाचव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयाला रुजतो. गायीचा मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोकळाच तरंगतो, आपल्याभोवतीच्या कवचातून बाहेर पडून काही सेंटिमीटर लांब धाग्यासारखा होतो. थरांची बरीचशी मांडणी याच काळात, प्रयोगशाळेच्या नजरेआड होते. पहिल्या प्रतीचा भ्रूण सोडूनही गाय गाभण आहे का, हे सोनोग्राफीने कळायला महिनाभर थांबावं लागतं.